तळ्यापाशी थांबलेली गाडी

“तळ्यापाशी थांबतेस ना, तिथे दिवा नाही गं ताई. जरा पुढे, चहावाल्याच्या उजेडात लावत जा गाडी,” धाकटा भाऊ म्हणाला आणि बाबांच्या शर्टावर सांडलेला बिस्किटाचा चुरा झटकू लागला. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. “बरं,” ती म्हणाली. एवढं सहज म्हणाली की म्हटल्यावर काही वेळ तिला काही वाटलंच नाही. कप पालथे घातले, नळ बंद केला, ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे सारले, आणि मग एकदम पायरी चुकावी तसं झालं. तळ्यापाशी थांबते हे तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? दिवसभर ती ड्रायव्हिंग शिकवायची. क्लच हळू सोडा, आरसा बघा, घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेही आहे. शेवटचा शिकाऊ घरी सोडला की ती गाडी तळ्याकाठी न्यायची, पाण्याकडे तोंड करून उभी करायची आणि इंजिन बंद करून नुसती बसायची. रडायची नाही, फोन बघायची नाही, गाणीसुद्धा लावायची नाही. हात मांडीवर. पाण्यावरचा उजेड विझत जायचा तो बघायचा, किंवा तोही नाही. मग घरी जाऊन बाबांना सांभाळणाऱ्या बाईंना मोकळं करायचं, बाबांना भरवायचं, तोच प्रश्न दहादा आला तर दहादा उत्तर द्यायचं. त्या दोन्हींच्या मधला हा अर्धा तास शिकणाऱ्यांचाही नव्हता आणि बाबांचाही नव्हता. कोणाचाच नव्हता, म्हणून तिचा होता.

तो निघाला तेव्हा ती जिन्यापर्यंत गेली. “तुला कसं माहीत?” “काय?” “तळ्याचं.” तो बूट चढवत होता. मान वर न करता हसला. “अगं, पोलिसांच्या कंट्रोल रूममध्ये बसतो ना मी. तळ्याच्या अलीकडे एक कॅमेरा आहे, पलीकडे पुलावर एक. अलीकडच्यानं तुझी नंबरप्लेट वाचली की पुलावरच्यानं दोन मिनिटांत वाचायला पाहिजे. तुझी अर्ध्या तासानं वाचली जाते. म्हणजे मधे थांबतेस. साधं गणित आहे.” मग नाडी बांधून तो उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज मऊ झाला. “बाबांचं झालं तेव्हापासून बघतो गं. रोज. पुलावर दिसलीस की जीव भांड्यात पडतो. काय करत असतेस ते मी कधी विचारलं का?” आणि तिच्या खांद्यावर थोपटून तो जिना उतरून गेला. ती कठड्याला धरून उभी राहिली. राग यायला हवा होता. पण खांद्यावर हात ठेवून जाणाऱ्या माणसावर रागवायचं कसं, हे तिला येत नव्हतं.

बाबांचं झालं ते गेल्या हिवाळ्यात. बाबा सरकारी बसचे ड्रायव्हर. सगळा जन्म स्टिअरिंगमागे गेला, तिला गाडी शिकवली तीही त्यांनीच. मग विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई जाऊन कित्येक वर्षं झाली हेही. एका दुपारी ती बाजारातून आली तर दार सताड उघडं, खुंटीवर किल्ली नाही आणि खाली गाडी नाही. फोनवर भावाचा नंबरसुद्धा नीट दाबता येईना. “थांब,” तो म्हणाला होता. एवढंच. दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता त्याचा फोन आला. बाबा सापडले होते. शहराबाहेर, कधीच बंद पडलेल्या एका जुन्या बसथांब्यावर, गाडीत नीट बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पाण्याचा थेंब पोटात नाही, ओठ निळे पडलेले. का थांबलात विचारलं तर म्हणाले, “कंडक्टरनं घंटी दिली नाही अजून.” खांबाखांबावरच्या कॅमेऱ्यांतून भावानं त्यांची वाट हुडकली होती. इथे दिसले, इथे वळले, ह्याच्यापुढे दिसले नाहीत म्हणजे मधेच कुठेतरी आहेत. आणखी एक रात्र गेली असती तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि ती मनात म्हणत होती, देवा, त्या खांबांचं भलं होवो.

आता त्याच खांबाखालून जाताना तिची मान ताठ व्हायची. करडी पेटी, खाली वाकलेली, जणू काही सांडलंय ते शोधतेय. इतके दिवस ती शिकणाऱ्यांना सांगायची, त्या खांबाच्या अलीकडे इंडिकेटर द्या. तिच्या लेखी तो इंडिकेटरचा खांब होता. दुसऱ्या दिवशी ती तळ्याकाठी गेली, इंजिन बंद केलं, हात मांडीवर ठेवले. आणि बसणं जमेना. आता तो घड्याळ बघत असेल. आता म्हणत असेल, बसली आहे. तिनं पाण्याकडे बघितलं तर आपण पाण्याकडे बघतोय हे तिला दिसायला लागलं, तिऱ्हाइतानं बघावं तसं. लवकर उठावं तर तो म्हणेल, आज लवकर कशी? उशिरा उठावं तर त्याच्या जिवाला घोर. ती मुद्दाम जास्त वेळ बसली एकदा, हट्टानं, आणि तेवढा वेळ तिला फक्त त्याचा काळजीनं ओढलेला चेहरा दिसत राहिला. मग ती दुसऱ्या रस्त्यानं घरी जाऊ लागली. त्या रस्त्यावरही खांब होता. चोरानं चुकवावं तसं आपण हे चुकवतोय, आणि चोरलंय काय, तर आपलाच अर्धा तास.

सगळ्यांत जास्त खुपत होतं ते त्याचं न विचारणं. इतके महिने रोज बघितलं आणि विचारलं नाही, ह्याचं त्याला केवढं कौतुक होतं! काय वाटलं असेल त्याला? कोणी माणूस भेटायला येतो तिथे? की ताई पाण्याच्या कडेला जाऊन बसते म्हणजे तिच्या मनात काही भलतंच आहे? म्हणूनच मग गेल्या महिन्यात त्याची बायको अचानक येऊन राहिली होती का दोन दिवस, “ताई, तुम्ही फार दमता हो” म्हणत? तेव्हा भावजयीची माया वाटली होती. आता तिच्यावर संशय यायला लागला. शेजारणीनं “आज उशीर?” म्हटलं तरी हिला कोणी सांगितलं, असं वाटायचं. आई गेली तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. ती त्याच्याशी लपंडाव खेळायची. त्याच्यावर राज्य आलं की तो डोळे मिटायचा, पण बोटांतून बघायचा. दरवेळी. “मिटलेत गं, मिटलेत,” म्हणायचा आणि बोटांच्या फटीतून दोन ओले डोळे तिच्या मागे मागे यायचे. ती रागवायची नाही. तिला माहीत होतं, एकदा डोळे मिटले होते आणि उघडल्यावर आई नव्हती. म्हणून ती लपायचीसुद्धा पडद्याबाहेर पाय ठेवून. त्याला दिसावं म्हणून. मग आता तरी त्याचं काय चुकलं? तिनंच नाही का शिकवलं त्याला, की प्रेमाच्या माणसानं बोटांतून बघितलेलं चालतं?

तिच्याकडे त्या दिवसांत एक वकीलबाई गाडी शिकत होत्या. कोर्टात भल्याभल्यांची बोबडी वळवणाऱ्या बाई, पण रिव्हर्स गिअर टाकायची वेळ आली की त्यांच्या तळहाताला घाम फुटायचा. “मागे जाणं माझ्या स्वभावातच नाही,” त्या म्हणायच्या. ह्या नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी नगरपालिका नियम करणार होती, आणि मसुदा बघणाऱ्या समितीत त्या होत्या. एक दिवस सिग्नलला थांबल्यावर त्याच वैतागून बोलायला लागल्या. “वर्षभर जपून ठेवणार म्हणे सगळ्यांच्या गाड्यांची हजेरी. कोण बघणार, तर ‘अधिकृत कर्मचारी’. का बघितलं ते लिहायला नको, कोणाला विचारायला नको. आणि लोकांना बोलवलं सुनावणीला तर येतंय कोण? कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात. आम्ही काय चोर आहोत?” “सिग्नल सुटला,” ती म्हणाली. गाडी पुढे गेल्यावर बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “सुनावणीत कोणीही बोलू शकतं?” वकीलबाईंनी तिच्याकडे बघितलं. “रस्त्याकडे बघा,” ती म्हणाली.

भावाला न सांगता जायचं तिच्या जिवावर आलं. रविवारी तो आला तेव्हा बाबा झोपले होते. तिनं सांगितलं. तो आधी हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. “माझं नाव घेणार?” “नाही.” “न घेता कळणार नाही होय कोणाला? तुझा भाऊ कुठे बसतो, अख्ख्या खात्याला माहितीये.” ती बाबांच्या धुतलेल्या शर्टाची घडी घालू लागली. “मी काय पैसे खाल्ले? कोणाचा सूड घेतला? बहीण सुखरूप घरी पोचली का, एवढं बघितलं. ह्याचा गुन्हा करणार तू?” “गुन्हा नाही म्हणत मी.” “मग काय म्हणतेस?” आणि नेमकं तेच तिला सांगता येत नव्हतं. आतल्या खोलीत बाबा कुशीवर वळल्याचा आवाज आला. भावाचा आवाज खाली आला, पण धारदार झाला. “बाबा हरवले तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती मी? कोणाची नाही. सरळ जाऊन नंबर टाकला. तेव्हा नाही म्हणालीस, का बघितलंस? तेव्हा गोड लागलं.” “तेव्हा बाबा हरवले होते,” ती म्हणाली. “मी हरवले नव्हते रे.” तो उठला. दार त्यानं आपटलं नाही, अगदी हळू ओढून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सुनावणी दुपारी होती. नगरपालिकेच्या सभागृहात निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या, वर पंखे फिरताहेत आणि माईक मधूनच शीळ घालतोय. पोलिसांचे मोठे साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. पडद्याशेजारी, यंत्राच्या वायरी धरून, भाऊ उभा होता. त्याला ड्युटीवरच आणलं होतं. तिनं एकदा बघितलं आणि मग बघायचं नाही असं ठरवलं. साहेब चांगले बोलत होते, खोटं काही बोलत नव्हते. चोरीच्या गाड्या सापडल्या. पळवलेलं एक मूल आईच्या कुशीत परत आलं. “आणि गेल्या हिवाळ्यात,” साहेब म्हणाले, “स्मृती गेलेले एक वृद्ध गृहस्थ. आमच्या माणसानं त्यांना वाचवलं.” पडद्यावर तो बंद बसथांबा आला. शेवाळलेलं छप्पर, मोडका बाक. गाडी चित्रात नव्हती, तरी तिला त्या रिकाम्या जागेत बाबांचे स्टिअरिंगवरचे हात दिसले. बाबा आता उदाहरण झाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिचेही हात नकळत जुळले. तिनं टाळी वाजवली. मग कोणीतरी विचारलं की ह्यात उगाच कोणी डोकावत असेल तर? साहेब हसले. “अहो, कोणाला आहे तेवढा वेळ?” सभागृह हसलं.

तिला बोलावलं तेव्हा ठरवलेलं सगळं पुसलं गेलं. माईक तिच्या उंचीला फार वर होता, तो खाली करताना कर्कश ओरडला. “मी गाडी चालवायला शिकवते,” ती म्हणाली आणि थांबली. पुढची वाक्यं कुठून आली तिला कळलं नाही. “ते जे आजोबा सापडले, ते माझे वडील. ते जिवंत आहेत ते ह्या कॅमेऱ्यांमुळे आणि ज्यानं शोधलं त्याच्यामुळे. हे आधी सांगते. पण त्यानंतर मलाही कोणीतरी रोज बघत होतं. मी कुठल्या रस्त्यानं जाते, कुठे थांबते, किती वेळ थांबते. मी काही हरवले नव्हते. काही चोरलं नव्हतं. मी एका ठिकाणी नुसती बसत होते.” कोणीतरी खुर्ची सरकवली. “ज्यानं बघितलं त्यानं वाईट मनानं बघितलं नाही. प्रेमानंच बघितलं. पण आता मला तिथे बसता येत नाही. वाईट माणसाची मला भीती नाही हो, त्याच्यासाठी कायदा आहेच. मला चांगल्या माणसासाठी नियम हवाय. कोणी हरवलं तर शोधा, लगेच शोधा. पण का शोधलं ते लिहा, दुसऱ्या कोणाची तरी सही घ्या, आणि ज्याला शोधलं त्याला नंतर सांगा. ज्या गाडीचं काही काम नाही तिचं कशाला वर्षभर सांभाळायचं? पुसून टाका.”

समितीच्या अध्यक्षबाई पुढे झुकल्या. “हे तुम्हाला कोण बघत होतं, सांगू शकाल?” “माझ्या घरचं माणूस,” ती म्हणाली. “नाव नाही सांगणार.” पण साहेबांची मान तोवर पडद्याकडे वळली होती. सभागृहात कोणाला काही कळलं असेल-नसेल, त्या एका मान वळवण्यात सगळं सांगून झालं होतं. तिनं बघायचं नाही ठरवलं होतं तरी बघितलं. भाऊ खाली बघत वायर गुंडाळत होता. हाताच्या पंजाभोवती, एकावर एक, फार नीट, जणू वायर नीट गुंडाळण्यासाठीच त्याला आणलं होतं.

नियम झाला. वकीलबाईंनी गाडीत बसल्या बसल्या सांगितलं. ज्या गाडीचा कुठल्या गुन्ह्याशी, कुठल्या तक्रारीशी संबंध नाही तिची नोंद थोड्या दिवसांत पुसली जाणार. नंबर शोधायचा तर कारण लिहायचं आणि वरिष्ठाची सही घ्यायची. माणूस हरवला असेल तर आधी शोध, सही नंतर. दरवर्षी बाहेरचा कोणीतरी येऊन तपासणार. “ज्याला बघितलं त्याला कळवायचं, ते मात्र काढलं त्यांनी,” वकीलबाई म्हणाल्या. “मी भांडले. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणायचं आणि काय.” तिला आनंद व्हायला हवा होता. तिच्या तोंडचे शब्द जवळजवळ तसेच कायद्यात गेले होते. पण भावाची चौकशी झाली होती, कंट्रोल रूममधून काढून त्याला चौकात वाहतुकीवर उभं केलं होतं, आणि तो रविवारी यायचा बंद झाला होता. बाबांची औषधं भावजय आणून द्यायची, दारातूनच. “ते बरे आहेत,” म्हणायची, विचारायच्या आधीच. “तो कुठंय?” बाबा विचारायचे. “ड्युटीवर.” “रूट बदलला का त्याचा?” “हो बाबा.” “नवीन रूटला त्रास होतो,” बाबा म्हणायचे, “मग सवय होते.” काही वेळानं पुन्हा विचारायचे. ती पुन्हा सांगायची. आणि मनात हिशेब लागायचा नाही. एका बाजूला अर्धा तास, दुसऱ्या बाजूला तो. ज्याला पाय दिसावा म्हणून ती पडद्याबाहेर ठेवायची, त्याच्यासमोरच तिनं पडदा ओढून घेतला होता. चूक केली असं तिला वाटत नव्हतं. ते वाटलं असतं तर निदान माफी मागता आली असती.

एक दिवस वकीलबाईंनी भर चौकात गाडी बंद पाडली. मोठ्या चौकातून उजवीकडे वळताना क्लच सुटला, गाडीनं गचका खाल्ला आणि मधोमध उभी राहिली. चारी बाजूंनी हॉर्न. “चालू होत नाहीये, चालू होत नाहीये,” वकीलबाई पांढऱ्याफटक पडल्या. “आधी न्यूट्रल करा,” ती म्हणाली, आणि आरशात तिला तो दिसला. उन्हानं रापलेला, वाळलेला. वाहतूक अडवत तो त्यांच्या गाडीच्या मागे येऊन उभा राहिला, त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून. मागचा ट्रक गुरगुरत थांबला. कोणीतरी शिवी घातली. तो हलला नाही. त्याला गाडी ओळखू आली नसेल असं होणंच शक्य नव्हतं, छपरावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी होती. पण त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. आरशात नुसती त्याची पाठ, घामानं शर्टावर उमटलेला डाग, कॉलरवर काळवंडलेली मान. “मॅडम, आता काय करू?” वकीलबाई विचारत होत्या. “घाई करू नका,” ती म्हणाली. “आपल्यामागे माणूस उभा आहे.” तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. गाडी वळून दूर गेली तरी तिला आरशात ते पसरलेले हात दिसत होते. मग एक बस मधे आली.

त्याच संध्याकाळी, शेवटचा शिकाऊ सोडल्यावर, ती गाडी थांबवून बसली होती तेव्हा फोन वाजला. त्याचं नाव बघून तिनं लगेच उचलला नाही. पलीकडे गाड्यांची घरघर होती.

“ताई,” तो म्हणाला. “पोचलीस का घरी?”

“नाही अजून.”

त्याचा श्वास ऐकू आला. पुढचा प्रश्न त्याच्या जिभेवर आहे हे तिला लख्ख कळत होतं. लहानपणापासून तिला त्याचे प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आधी कळायचे. ती थांबली. त्यानं विचारलं तर सांगायचं, असं तिनं ठरवलंही होतं.

“बरं,” तो म्हणाला. मग घसा खाकरून, “बाबांना सांग, रविवारी येतो.”

“सांगते.”

फोन बंद झाला. तो तिनं शेजारच्या सीटवर पालथा ठेवला, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिली.